पेटीतील चार गोधड्या



'आरंभशूर' हा शब्द आम्ही वर्गात पुष्कळ वेळा उच्चारतो, आणि बहुधा तो तुम्हांस उद्देशूनच असतो. ज्याने नकाशा रेखाटला पण रंग भरला नाही, ज्याने वनस्पतींची वही मोठ्या हौसेने आणली आणि सात पाने चिकटवून ती कपाटावर टाकली, त्यास आम्ही हे विशेषण मुक्तहस्ते देत आलो आहोत. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याच घरातील एका लोखंडी पेटीचे झाकण आम्ही उघडले, आणि तो शब्द आमच्यावरच उलटला. त्या पेटीत चार गोधड्या होत्या व चारही अपुऱ्या होत्या. त्यांतील एकीचा कोपरा उंदरांनी कुरतडला होता. या चार गोधड्यांचे पुढे काय झाले आणि त्यापासून आम्ही काय शिकलो, हे यंदाच्या अंकात सांगावयाचे योजिले आहे. शिक्षकाने सुई हाती घ्यावी याचे काहींस हसू येईल. त्यांनी ते अवश्य हसून घ्यावे आणि मग पुढे वाचावे.

प्रथम गोधडी म्हणजे काय ते नीट पाहू. जुन्या कापडाचे चार-सहा थर एकावर एक पसरून ते धावदोऱ्याने एकजीव केले म्हणजे गोधडी होते. संस्कृतात हिलाच कंथा म्हणतात. आपल्या वऱ्हाडात वाकळ हाही शब्द चालतो, आणि बोलीत 'ळ' चा 'य' होत असल्यामुळे आपल्या आजीच्या तोंडी ती 'वाकय' असते. वरच्या व खालच्या अंगास लुगड्याचे कापड, कारण ते लांबरुंद व धुऊन मऊ झालेले असते. आत धोतरे, सदरे, उशांचे अभ्रे, जे काही जीर्ण परंतु अगदीच कुजलेले नाही असे सर्व. उब कापडातून येते असे आपण समजतो, पण खरे पाहता ती थरांमध्ये कोंडलेल्या स्थिर हवेमुळे टिकते. हवा ही उष्णतेची मंद वाहक आहे. म्हणून एका जाड कापडापेक्षा पाच पातळ थर अधिक ऊबदार होतात.

येथे कोणी विचारील की, वऱ्हाड हा तर कापसाचा मुलूख. मग कापूस सोडून चिंध्या का? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, विलायतेतील गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाचा भाव चढला. १८६७ साली आगगाडी नागपूरपर्यंत पोहोचली, आणि अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा या वाटेने गाठी मुंबईस जाऊ लागल्या. पण यावरूनच उत्तर मिळते. कापूस हे नगदी पीक; तो बाजारात जावयाचा. शेतकऱ्याच्या घरी उरावयाचे ते अंगावरून उतरलेले कापड. कापूस पिकवणाऱ्याने थंडी घालविली ती बहुधा चिंध्यांच्या जोरावर. आणि त्या चिंध्यांत कमीपणा काही नाही. आपल्याच अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले व १९५६ साली वलगावजवळ देह ठेवलेले गाडगे महाराज ठिगळे जोडलेले वस्त्र पांघरीत. त्यावरून लोक त्यांस गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत. ज्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभारल्या, त्यांना ते नाव कधी बोचले नाही.

आता पेटीतील मंडळींची ओळख करून देतो.

पहिले होते एक दुपटे. आमच्या कन्येच्या जन्माच्या वेळी आमच्या पत्नीने ते आरंभिले. मधला भाग शिवून झाला होता, कड तेवढी दुमडून शिवावयाची राहिली होती. कन्या आता आठवीत शिकते! दुसरी एक कापसाची दुलई. खोळ शिवून तीत कापूस भरला होता, पण आरपार दोरे घातले नव्हते. त्यामुळे सर्व कापूस एका कोपऱ्यात जाऊन त्याचे गठ्ठे झाले होते. तिसरी शिंप्याकडील कतरणीची. शेकडो रंगीत तुकडे जोडून वरचा पट तयार केला होता, आणि तो पट झाल्याबरोबर आमचा उत्साह संपला होता. उंदीर लागला तो हिलाच. चौथी आमच्या मातोश्रींची. हिरव्या लुगड्याची, तांबड्या दोऱ्याची. आई निवर्तल्यास गेल्या उन्हाळ्यात अकरा वर्षे होऊन गेली होती. तिने जेथे हात थांबविला तेथे तिची सुई तशीच टोचलेली होती. सुईला गंज चढला होता आणि त्या गंजाचा एक तपकिरी डाग हिरव्या कापडावर उमटला होता.

ती सुई पाहून आम्ही पेटी पुन्हा बंद केली, हे कबूल केले पाहिजे. परंतु उंदराने कुरतडलेला कोपरा डोळ्यांपुढून जाईना. आज एकीला लागला, उद्या दुसरीला लागेल. आणि कापडाला कसर लागते ती तर आवाज न करता. अपुरे काम जागच्या जागी थांबून राहते हा आपला समज खोटा आहे. ते हळूहळू नासत असते.

मग आम्ही विचार केला की, ही कामे अडली तरी का? आळस हे उत्तर सोपे, पण पुरते खरे नव्हे. कारण चारही कामांत पुष्कळ श्रम झालेले होते. आम्हांस चार कारणे सापडली.

पहिले कारण ऋतू. गोधडीची आठवण होते ती पौषातल्या थंडीत. त्या वेळी सुरुवात करावी, तो माघ-फाल्गुन येतो, ऊन तापू लागते, आणि पुढे तर अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर चढतो. मग गोधडी मांडीवर घेण्याचे कोणास सुचेल? पण आमच्या आईच्या पिढीच्या बाया नेमक्या याच दिवसांत गोधड्या शिवीत. थंडीत त्यांना कापूस वेचणीतून सवड नसे. उन्हाळ्यात शेते मोकळी, दुपार मोठी, निंबाची सावली गार. ज्या दिवसांत वस्तूची गरज असते ते दिवस ती तयार करण्याचे नसतात. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात अभ्यासाची आठवण होणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

दुसरे कारण पसारा. गोधडी पसरावयास अर्धी खोली लागते. रोज पसरा, रोज उचला, यातच हात थकतो. तिसरे कारण विस्मृती. महिन्याने काम हाती घेतले म्हणजे कोठे थांबलो होतो, पुढे काय करावयाचे होते, हेच आठवत नाही. ते शोधण्यात पहिला उत्साह खर्च होतो. चौथे व सर्वांत मोठे कारण असे की, प्रत्येक कामाच्या मध्यभागी एक सपाट मैदान असते. आरंभी रंग जुळविण्याचा आनंद असतो, शेवटी पुरे झाल्याचा आनंद असतो. मध्ये केवळ टाक्यामागून टाका. आज चार ओळी घातल्या तरी काल व आज यांत डोळ्यांस फरक दिसत नाही. याच मैदानात माणूस काम टाकून नवीन कामाच्या आरंभाकडे पळतो. आमच्या चार गोधड्या म्हणजे चार वेळा केलेले पलायन होय.

या मैदानाची लांबी मोजता येते. आम्ही ती मोजली. आमची साधारण गोधडी ७२ इंच लांब व ४८ इंच रुंद. दोन ओळींत अर्धा इंच अंतर ठेवले तर ४८ इंचांत ९६ ओळी बसतात. प्रत्येक ओळ सहा फुटांची. म्हणजे एकूण शिवण ५७६ फूट. एका इंचात चार टाके धरले तर टाक्यांची संख्या २७,६४८ होते. हा आकडा ऐकून आमच्या पत्नीने हात जोडले. परंतु आकडा येथेच सोडू नये, त्यास भागून पाहावे. सवय झाल्यावर आमचा हात अर्ध्या तासात सुमारे १२ फूट शिवतो. ५७६ ला १२ ने भागले म्हणजे ४८. रोज अर्धा तास दिला तर संपूर्ण गोधडी ४८ संध्याकाळी पुरी होते. आठवड्यातून चारच संध्याकाळी मिळाल्या तरी बारा आठवडे पुरतात. सत्तावीस हजारांचे भय वाटते, अठ्ठेचाळिसांचे वाटत नाही; आणि काम तर तेच आहे.

आमची आई शाळेत फारशी गेली नव्हती, पण तिला हे गणित येत होते. अकोला जिल्ह्यात मूर्तिजापुराजवळच्या आमच्या जुन्या घरी ती रोज दुपारी भांडी आवरून बसे आणि ठरलेले काम झाले म्हणजे सुई टोचून उठे. लहानपणी आम्ही एकदा विचारले, "आई, आज सगळी का नाही शिवत?" ती म्हणाली, "बापू, वाकय का एका रातीत होते? आजच्या दोन ओयी घातल्या का आजचं काम सरलं." आम्ही पदवी घेतली, अध्यापनशास्त्र शिकलो, पण या वाक्याहून अधिक उपयोगी असे नियोजनाचे सूत्र आम्हांस कोणत्याही पुस्तकात मिळाले नाही. गोधडी पुरी करणे हे तिचे रोजचे काम नव्हतेच; आजच्या दोन ओळी हे तिचे काम होते, आणि ते रोज पुरे होत असे.

असो. मोजमाप झाल्यावर आम्ही घरात काही नियम केले. ते तुमच्याही कामी पडतील म्हणून कारणांसह देतो.

पहिला नियम मोजदादीचा. प्रत्येक गोधडीवर एक चिठ्ठी टाचली: काय झाले, काय उरले, पुढचे पाऊल कोणते आणि अंदाजे किती संध्याकाळी लागतील. दुपट्याच्या चिठ्ठीवर '४' आले, दुलईच्या '९'. दुलईत दोरे चार-चार इंचांवर घालावयाचे असल्यामुळे एकूण शिवण ८१ फूटच होती; परंतु थर जाड, म्हणून एका संध्याकाळी नऊ फूट धरले. आईच्या वाकळीवर मात्र आम्ही चिठ्ठी लावली नाही.

दुसरा नियम असा की, जे पूर्णतेच्या सर्वांत जवळ आहे ते आधी घ्यावे. एक काम पुरे झाले की पेटीतील ओझे कमी होते आणि आपण काम तडीस नेऊ शकतो असा स्वतःविषयी भरवसा येतो.

तिसरा नियम: एका वेळी एकच काम बाहेर, बाकीची पेटीत; आणि एक पुरे झाल्याशिवाय नवीन आरंभ नाही. हा नियम पाळणे सर्वांत कठीण. एका ओळखीच्या शिंप्याने त्याच महिन्यात फार सुंदर कतरण देऊ केली. आम्ही आभार मानून ती त्याच्याकडेच राहू दिली, आणि रात्री तिची आठवण काढीत बसलो.

चौथा नियम मापाचा. घड्याळ लावून बसू नये, दोरे मोजावेत. हातभर, म्हणजे सुमारे अडीच फूट, दोरा ओवला तर गाठ व शेपूट सोडून दोन फूट शिवण होते. रोज सहा दोरे, म्हणजे बारा फूट. घड्याळ लावले की माणूस बोलत बसतो आणि अर्धा तास होऊन जातो. दोरा मात्र शिवल्याशिवाय संपत नाही. तसेच, एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी बारा दोरे घेऊ नयेत. आम्ही एकदा घेतले. थकलेल्या हाताचे टाके लांब व वाकडे पडले, आणि तिसरा दिवस उसवण्यात गेला. चुकलेला दिवस सोडून द्यावा आणि आजचे सहा घालावेत.

पाचवा नियम: ओळ पुरी करून उठू नये, ओळीच्या मध्येच उठावे. अर्धी ओळ दुसऱ्या दिवशी आपल्याला हाक मारते, आणि कोठून आरंभ करावा हा प्रश्न उरत नाही. परंतु सुई कापडात रात्रभरापेक्षा अधिक राहू देऊ नये. चार दिवसांचा खंड पडणार असेल तर सुई काढून तेथे रंगीत दोऱ्याची गाठ बांधावी. हे आम्हांस कोणी शिकविले ते तुम्ही ओळखले असेलच.

आता शिवणकामातील दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. गोधडी शिवण्याची एक जुनी रीत अशी की, कडेपासून आरंभ करून फेऱ्यामागून फेरा घालीत मध्याकडे जावयाचे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांतील सिद्दी स्त्रियाही आपली 'कवंदी' याच रीतीने कडेकडून आत शिवतात आणि शेवटी चार कोपऱ्यांस कापडाची 'फुले' लावतात. या रीतीत एक धोका आहे. प्रत्येक फेऱ्याबरोबर सैल कापड आत आत सरकते आणि शेवटी मध्यभागी त्याचा झोळ होतो. म्हणून थर पसरल्याबरोबर मध्यापासून बाहेर लांब लांब कच्चे टाके घालून ते पक्के धरावेत, आणि मगच शिवणीस आरंभ करावा. दुसरी गोष्ट ठिगळाची. जुन्या वस्त्रास कोऱ्या कापडाचे ठिगळ लावण्याविषयी प्रभूने दिलेला दृष्टांत आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. त्याचे मर्म सुई हाती घेतल्यावर कळले. कोरे कापड पहिल्या धुण्यात आटते आणि जुन्या, विरलेल्या कापडास ओढून फाडते. म्हणून ठिगळाचे कापड आधी भिजवून, धुऊन, वाळवून घ्यावे.

दुपटे चौथ्या संध्याकाळी पुरे झाले. ज्या बालिकेसाठी ते आरंभिले होते ती आता त्यात पाय सुद्धा झाकू शकली नसती. तेव्हा शेजारी पंधरा दिवसांपूर्वी जन्मलेल्या बाळास ते दिले. येथे एक धडा मिळाला: काम उशिरा पुरे झाले तर ते व्यर्थ जात नाही, त्याचा मालक तेवढा बदलतो. दुलईचे गठ्ठे काढून कापूस पुन्हा पिंजून आणावा लागला. पूर्वी पिंजारी दारोदार येत, त्यांच्या धनुकलीचा टणत्कार गल्लीत ऐकू येई. आम्ही कापूस अकोल्यास जाताना बरोबर नेला आणि तेथील यंत्रावर पिंजून घेतला. दोरे वेळेवर घातले असते तर ही फेरी पडली नसती. दुलई नऊ संध्याकाळीच झाली.

त्यानंतर पेटीत दोनच गोधड्या राहिल्या. नियमाने पाहता आता कोणती घ्यावयाची हे मोजून ठरवावयास हवे होते. पण आम्ही कतरणीचा पट उचलला. कन्या जवळच होती. ती म्हणाली, "बाबा, आजीच्या वाकळीवर चिठ्ठी का नाही?" आम्ही काहीतरी उत्तर दिले. खरे कारण निराळे होते. ती वाकळ अपुरी होती तोवर आई जणू कामातून उठून आत गेली आहे, आता येईल व सुई उचलील, असे मनाच्या एका कोपऱ्यात वाटत असे. आपण ती पुरी केली म्हणजे आईच्या हातचे शेवटचे काम संपले. शिवाय ते काम फार मोठे असावे असाही समज होता; दुःखाने झाकलेल्या वस्तूचे माप कोणी घेत नाही.

कन्येने पट्टी आणली. आईने कडेपासून ३० फेरे घातले होते. अर्धा अर्धा इंच धरून चारही बाजूंनी १५ इंच पुरे झाले होते. ७२ मधून ३० गेले, ४२ राहिले. ४८ मधून ३० गेले, १८ राहिले. मध्ये उरला ४२ बाय १८ इंचांचा आयत. त्याचे क्षेत्रफळ ७५६ चौरस इंच. अर्ध्या इंचाच्या अंतराने १,५१२ इंच शिवण, म्हणजे १२६ फूट. बाराने भागून तिने चिठ्ठीवर आकडा लिहिला: साडेदहा.

मित्रहो, साडेदहा संध्याकाळींचे काम अकरा वर्षे पेटीत पडून होते. आम्ही गणित शिकवितो. तरी हा आयत मोजावयास आमच्या घरात एक आठवीतली मुलगी लागली.

दोरा कोणता घ्यावा याविषयी थोडा वाद झाला. कन्येचे म्हणणे तांबडाच घ्यावा, म्हणजे सर्व एकसारखे दिसेल. आम्ही पांढरा घेतला. आईचे टाके आईचेच राहावेत, आणि आपले कोठून सुरू झाले ते पुढच्यांना दिसावे, हे आम्हांस बरे वाटले. गंजाची सुई काढून ठेवली. डाग मात्र घालविण्याचा यत्न केला नाही. आईचे टाके एका इंचात पाच होते, आमचे चार. हा भेद जवळून पाहणाऱ्यास दिसतो आणि दिसू द्यावा. अकराव्या संध्याकाळी शेवटची अर्धी ओळ राहिली, ती कन्येने घातली. आम्हांस वाटले होते की त्या वेळी मन फार जड होईल. तसे झाले नाही. मृगाचा पहिला पाऊस आला त्या रात्री ती वाकळ कन्येने पांघरली, आणि जी वस्तू अकरा वर्षे केवळ आठवण होती ती पुन्हा पांघरूण झाली. आईने ती त्यासाठीच आरंभिली होती.

लहान मापाने मोठे काम तडीस जाते याचे एक थोर उदाहरण आपल्याच गावाशी जोडलेले आहे. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४–१९३७) यांचे शालेय शिक्षण अमरावतीस झाले. पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आलेल्या या गृहस्थाने मराठीत सर्व विद्यांचा कोश करण्याचा संकल्प केला. पैसा नाही, पूर्वीचा कित्ता नाही, अशा स्थितीत महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड १९२० पासूनच्या दहा वर्षांच्या आत बाहेर पडले. ज्ञानकोश म्हणजे तरी काय? असंख्य लहान लेखांचे तुकडे, अक्षरांच्या क्रमाने जोडलेले. 'अ' लिहिताना 'ज्ञ' कडे पाहून जो घाबरला नाही, त्याचाच कोश पुरा झाला.

आता राहिली कतरणीची. उंदरांनी खाल्लेला कोपरा कापून नवे तुकडे जोडण्यातच दहा संध्याकाळी गेल्या. ही आमच्या दिरंगाईची पट्टी होय. मग थर लावले, कच्चे टाके घातले आणि शिवणीस आरंभ केला. घटक चाचण्या आल्या, दिवाळी आली, घरात ताप आला. कित्येक आठवड्यांत दोनच संध्याकाळी मिळाल्या. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ज्या दिवशी सहा दोरे झाले त्या दिवशी आम्ही एक फुली करतो. हा लेख लिहावयास बसण्यापूर्वी फुल्या मोजल्या, त्या ३६ भरल्या. ४८ पैकी १२ उरल्या. आम्ही अजून त्या सपाट मैदानातच आहोत, पण पलीकडचा काठ दिसू लागला आहे. ही गोधडी पुरी झाल्यावर कोणास द्यावयाची ते ठरले आहे. ती जाईल तेथे थंडीचे दिवस अजून शिल्लक असावेत एवढीच घाई आहे.

तुमच्याही घरी एखादी पेटी असेल. तीत गोधड्या नसतील. अर्धी बीजगणिताची वही असेल, पाचव्या धड्यावर थांबलेले संस्कृत असेल, बाजाच्या पेटीवर अर्धवट बसलेले एखादे गीत असेल. आम्ही तुम्हांस एवढेच सांगतो की, झाकण उघडा आणि मोजा. किती झाले, किती उरले, रोजचे माप काय, आणि भागाकार किती येतो. ज्या कामाची तुम्हांस सर्वांत अधिक भीती वाटते, किंवा ज्याकडे पाहताना मनास सर्वांत अधिक लागते, तेही पट्टी लावून मोजा. तेथे कदाचित साडेदहाच उरले असतील.

संध्याकाळ झाली आहे. आमचे आजचे सहा दोरे अजून व्हावयाचे आहेत, म्हणून येथेच रजा घेतो.